एकदाच विचारतात

अमेरिकेचा कुठलाही सण साजरा करायचा तर उल्काला विचारून, अशी डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातल्या त्या ऑफिसात आठ वर्षांची रीत पडून गेली होती. कंपनी अमेरिकन, माणसं निम्मी आयरिश, उरलेली जगभरातून गोळा केलेली, आणि ह्या सगळ्यांना अमेरिका शिकवायची जबाबदारी कोथरूडच्या उल्कावर. ती स्वतः आयुष्यात एकदा, चार दिवसांच्या ट्रेनिंगला, अमेरिकेत जाऊन आली होती. पण चार जुलैला डब्लिनच्या रिमझिमीत छत्री धरून हॉट डॉग भाजायचे ते तिनेच. मे महिन्यातला मेमोरियल डे कोणता आणि सप्टेंबरातला लेबर डे कोणता, कुठल्या सोमवारी तिकडून एकही मेल येणार नाही, हे कळवायचं ते तिनेच. हॅलोविनच्या बाबतीत मात्र आयरिश मंडळी तिला बोलू देत नसत. "तो मूळचा आमचा, त्यांनी नेला," असं म्हणून भोपळे स्वतः कोरत.

थँक्सगिव्हिंग म्हणजे तिचा हातखंडा. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी कँटीनच्या भिंतीवर पुठ्ठ्याचं झाड उभं राहायचं, शेजारी नारिंगी कागदाची पानं. आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते प्रत्येकाने पानावर लिहून झाडाला चिकटवायचं. यंदाही तिने आदल्या दिवशी सगळ्यांना मेल पाठवली होती: टर्की, क्रॅनबेरीची चटणी, टीव्हीवरची परेड, फुटबॉल, टर्कीच्या छातीचं हाड दोघांनी ओढून मागायची इच्छा. शेवटची ओळ तिची स्वतःची होती. "ह्या दिवशी अमेरिकेत कोणी एकटं जेवत नाही."

ही ओळ तिने कुठे वाचली होती देव जाणे. पण तिला ती खरी हवी होती, कारण तिचा मुलगा ऑगस्टपासून तिकडे होता.

सिद्धांत एकोणीस वर्षांचा. ओहायोतल्या एका लहानशा गावातल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. अकराव्या वर्षी त्याला टाइप वन डायबिटीस निघाला. म्हणजे अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून घालायचं, रोज, जन्मभर. कमरेला पंप, त्यातून बारीक नळीने इन्सुलिन पोटात. दंडावर सेन्सर. त्या सेन्सरने मोजलेला रक्तातल्या साखरेचा आकडा आधी त्याच्या फोनवर, आणि तिथून अटलांटिक ओलांडून आईच्या फोनवर, दर पाच मिनिटांनी. पाच ते दहाच्या मधे, म्हणजे भारतातल्या मापाने नव्वद ते एकशेऐंशी, आकडा असला की उल्काचं जग जागच्या जागी असे.

सप्टेंबरात मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आकडा बारा झाला की हिचा फोन, तेरा झाला की हिचा फोन, मग तो लेक्चरमधे असो की आंघोळीला. "आई, मी तुझं पाहणं बंद करून टाकीन," असं त्याने बजावल्यावर तह झाला. वीसच्या वर गेल्याशिवाय फोन करायचा नाही. तेव्हापासून तिने तो पाळला होता, दातओठ खाऊन का होईना.

त्या गुरुवारी सकाळी साडेनऊला ती एका हाताने झाडाला पानं लावत होती आणि दुसऱ्या हातात फोन होता. आकडा अठरा. बाण वर.

दहा वाजता वीस पूर्णांक तीन. तिने फोन लावला. तिकडे पहाटेचे पाच. वाजून वाजून थांबला. परत लावला. मग पावणेअकराला बावीस पूर्णांक सहा, बाण वरच, आणि त्यानंतर आकड्याच्या जागी नुसती एक आडवी रेघ आली. खाली लिहिलेलं: माहिती उपलब्ध नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणून तिने आधी मनाला दटावलं. रविवारीच तर तो म्हणाला होता, बुधवारी रूममेटच्या घरी जातोय, टायलरकडे, चार दिवस. परक्या घरात चार्जर विसरला असेल. फोन संपला की आकडा येत नाही, असं आधीही झालं होतं. तिने तेव्हा किती आनंदाने म्हटलं होतं, रिकाम्या हाताने जाऊ नकोस हो, त्यांच्यासाठी काहीतरी घेऊन जा.

तरी तिने प्रतापला फोन लावलाच. तिचा नवरा पश्चिम आयर्लंडमधल्या एनिसच्या हॉस्पिटलात डॉक्टर होता. सोमवार ते शुक्रवार तिकडेच राहायचा, शुक्रवारी संध्याकाळी डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनच्या घरी यायचा. एरवी तिने आकड्यावरून फोन केला की तो आधी हसायचा. आज तो हसला नाही.

"किती वेळ चढतोय?"

"मी उठल्यापासून. आठला चौदा होता."

"आणि रात्री?"

"रात्री मी झोपले होते, प्रताप."

"बरं. त्याला बरं नव्हतं का? उलट्या वगैरे?"

"मंगळवारी पोट बिघडलंय म्हणाला होता. मी म्हटलं, ताक पी."

प्रताप गप्प झाला. वीस वर्षांच्या संसारात उल्का ह्या गप्प बसण्याला ओळखून होती. पेशंटच्या नातेवाइकांना खरं सांगायच्या आधी तो असाच थांबत असे.

"ऐक," तो म्हणाला. "पंपाची नळी तुंबली असेल आणि वर उलट्या होत असतील, तर अंगात इन्सुलिन शून्य. मग रक्तात आम्ल साठत जातं. आठ-दहा तास निघतात. पुढे माणूस शुद्धीवर राहत नाही."

"आणि त्याच्या पुढे?"

"त्याच्या पुढे जायचं नाहीये आपल्याला. तू त्या टायलरचं घर शोध. मी तिथल्या पोलिसांचा नंबर मिळवतो."

उल्का झाडाखालीच बसली. डोक्यावर कुणीतरी लिहून लावलेलं पान होतं, "माझ्या कुत्र्याबद्दल." शेजारून जाणारी इफा, तिच्याच टीममधली, थबकली आणि म्हणाली, "आर यू ओके, उल्का?" उल्का म्हणाली, "हो, हो, आय ॲम ग्रँड." आयर्लंडमधे पंधरा वर्षं काढल्यावर हे 'मी मजेत आहे, काही नको' तोंडातून आपोआप येतं, घर जळत असलं तरी.

मग तिने अमेरिकेला फोन लावायला सुरुवात केली.

कॉलेजचं मुख्य ऑफिस: टेप केलेला हसरा आवाज, हॅपी थँक्सगिव्हिंग, आम्ही सोमवारी भेटू. होस्टेलचं ऑफिस: हॅपी थँक्सगिव्हिंग. परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस: आमच्या ह्या मोठ्या कुटुंबात तुम्ही आहात ह्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत, सोमवारी भेटू. दवाखाना: तातडीचं काही असेल तर फोन ठेवा आणि नऊ एक एक फिरवा. ओहायोचं नऊ एक एक डब्लिनहून फिरवून कुठे लागणार, ते त्या बाईने टेपवर सांगितलं नव्हतं. आज सगळी अमेरिका बंद असते, असं उल्कानेच कालच्या मेलमधे लिहिलं होतं, पुढे हसरा चेहरा काढून. एका आख्ख्या देशाने दाराला कडी लावून घेतली होती आणि आत सगळे पोटभर जेवायच्या तयारीत होते. तिला त्या सणाचा, त्या टर्कीचा, त्या पुठ्ठ्याच्या झाडाचा असा संताप आला की झाड तिथेच फाडून टाकावं.

टायलरचं आडनाव तिला माहीत नव्हतं. सिद्धांतने कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर हिने त्याच्या आईला फोन केला असता, हे पोरगं जाणून होतं. माहीत असलंच तर एकाच माणसाला. तिने मुलीच्या, स्वरांगीच्या, शाळेत फोन केला. बारा वर्षांच्या स्वरांगीला वर्गातून उठवून ऑफिसात आणलं.

"आई, व्हॉट्स राँग? आयॅम इन द मिडल ऑफ मॅथ्स."

"दादाच्या टायलरचा नंबर काढ. आत्ता."

"आय डोंट हॅव हिज नंबर. आय हॅव हिज इन्स्टा."

"मग त्याच्यावर कर. लिही, इमर्जन्सी आहे. लिही, सिद्धांतच्या आईला फोन कर." तिने पर्स खांद्याला लावली. "मी येतेय तुला न्यायला."

ग्रँड कॅनाल डॉक स्टेशनहून गाडी पकडून ॲडम्सटाउनला पोचेपर्यंत तिने फोनवरची ती आडवी रेघ शंभरदा पाहिली असेल. मधे प्रतापचा फोन आला. पोलिसांशी बोलणं झालं होतं. पण आज सकाळी कॉलेजच्या गावात 'टर्की ट्रॉट' होती. सणाच्या सकाळी, जेवायच्या आधी गावातले लहानथोर टर्कीच्या टोप्या घालून पळतात, ती शर्यत. दोन्ही गाड्या रस्ते अडवायला गुंतलेल्या. मोकळ्या झाल्या की पाठवू म्हणाले, पण पाठवायच्या कुठे? मुलगा कुठल्या पत्त्यावर आहे?

"पत्ता नाहीये आपल्याकडे," प्रताप म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच डॉक्टरसारखा नव्हता.

पावणेदोनला मायलेकी घराच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. स्वरांगीचा फोन वाजला. टायलर. तिने तो स्पीकरवर टाकला. मागे टीव्हीवर परेडचे ढोल बडवत होते, कुणी मूल खिदळत होतं, भांडी वाजत होती. उल्काला वाटलं, आहे, तिथेच कुठेतरी माझा मुलगा पांघरुणात लोळत आहे.

"सिड?" टायलर झोपेतून उठल्यासारखा म्हणाला. "सिड इथे नाहीये, मॅम. तो कॉलेजवरच आहे ना?"

"तो तुमच्याकडे येणार होता."

"नाही. म्हणजे, मी त्याला विचारलं होतं. चल आमच्याकडे म्हटलं. तो म्हणाला, नो नो, आय ॲम ग्रँड."

उल्काने ओट्याची कड धरली. "किती वेळा विचारलंस?"

"सॉरी?"

"किती वेळा विचारलंस त्याला?"

टायलर गोंधळला. "किती वेळा म्हणजे? एकदा. तो नाही म्हणाला ना."

आता ह्यात त्या पोराचा काय दोष? सिद्धांत नको म्हणाला, ह्याने ऐकलं. नको म्हटल्यावर पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याच्या अंगावर जाणं, असं त्या पोराला त्याच्या आईने शिकवलं असणार, आणि चांगलंच शिकवलं. पण उल्काने काय शिकवलं होतं? सिद्धांत सहा वर्षांचा असताना ते उल्काच्या मैत्रिणीच्या, रेवतीच्या, घरी वाढदिवसाला गेले होते. रेवतीने गुलाबजामचं भांडं पुढे केलं आणि ह्याने पहिल्याच खेपेला दोन उचलले. गाडीत बसल्यावर उल्काने त्याला रडेपर्यंत झापलं होतं. हावरट दिसतं असं. पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको. अगदीच आग्रह झाला तर तिसऱ्यांदा थोडंसं घ्यायचं. आणि नशीब असं की मुलगा वाढला तो आयर्लंडमधे, जिथे शेजारची ब्रीड आजी चहा विचारते तेव्हा "नो, आयॅम ग्रँड" म्हणायचं असतं, ती "यू विल, यू विल" म्हणत किटली ठेवणारच असते, आणि दोघांनाही पहिल्यापासून माहीत असतं की चहा होणार आहे. घरातही तेच, दारातही तेच. दोन देशांनी मिळून त्या पोराला नको म्हणायला शिकवलं आणि तिसऱ्या देशात धाडून दिलं, जिथे एकदाच विचारतात.

तो वाट पाहत राहिला असणार. टायलर परत विचारेल म्हणून. आज विचारेल, उद्या विचारेल. टायलर बुधवारी सकाळी बॅग भरून "सी यू मंडे" म्हणाला असेल तेव्हासुद्धा. आणि मग आईला काळजी नको म्हणून ह्याने ठोकून दिलं, की जातोय.

"आई," स्वरांगी हळूच म्हणाली, "ही'ज ऑन हिज ओन."

पलीकडे फोन कुणीतरी घेतला. "मी डोना, टायलरची आई. काय झालंय?"

उल्काने सांगितलं. तिचं इंग्रजी, ज्याच्या जोरावर ती आठ वर्षं भाषणं ठोकत होती, ते तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलं. डायबिटीस, पंप, बावीस पूर्णांक सहा, रेघ. डोनाने मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मी निघते. सव्वा तासाचा रस्ता आहे. तोवर तुम्ही कॉलेजच्या सिक्युरिटीला धरा, त्यांचा माणूस सणालाही असतो." मग फोन तोंडापासून बाजूला धरून ती ओरडली, "कुणीतरी ओव्हनकडे बघा!"

सिक्युरिटीचा नंबर टायलरने पाठवला. फोन उचलणाऱ्या माणसाचा आवाज वयस्क होता, दमलेला होता. उल्काने प्रतापलाही त्याच कॉलवर घेतलं.

"त्या इमारतीत कोणीच नाही, मॅम," तो म्हणाला. "काल दुपारी कुलूप लागलं. हीटिंग उतरवलंय. ज्यांना राहायचंय त्यांनी दोन आठवडे आधी फॉर्म भरायचा असतो, त्यांना दुसऱ्या इमारतीत हलवलंय. तुमच्या मुलाने फॉर्मवर 'जाणार' असं लिहिलंय."

दोन आठवडे आधी तो दुसऱ्या आमंत्रणाची वाट पाहत होता. फॉर्मवर काय लिहिणार? 'अजून विचारतील' असा रकाना नसतो कुठे.

"तो आत आहे," उल्का म्हणाली. "तो कुठेही गेलेला नाही. तो दिवे न लावता आत आहे."

"मॅम, यादीत..."

"यादी गेली खड्ड्यात!" हे ती मराठीत ओरडली. स्वरांगीने दचकून आईकडे पाहिलं.

मग प्रताप बोलला. हळू, एकेक शब्द सुटा. "सर, मी डॉक्टर आहे. मी त्याचा बापही आहे. तुम्ही आत्ता उठून त्या दारापर्यंत गेला नाहीत, तर आज दुपारपर्यंत तिथे एक प्रेत असेल आणि तुम्ही ते सोमवारी बघाल. तुम्ही फोन चालू ठेवा आणि चाला. आम्ही तुमच्याबरोबर आहोत."

पलीकडे किल्ल्यांचा जुडगा वाजला.

तो चालला. बर्फ नव्हता, पण गवतावर दहिवर गोठलेलं असावं, पावलांखाली करकरत होतं. दाराची कडी. जिना. त्याचं धापा टाकणं. हा एक मजला, दुसरा मजला. उल्का ओट्यापाशी उभीच होती. समोरच्या कपाटाला स्वरांगी आयरिश पोरांसारखी 'प्रेस' म्हणायची. त्या प्रेसमधे सिद्धांतला पाठवायला केलेल्या चिवड्याचा डबा होता, पोस्टाने अजून जायचा राहिलेला. तिने गणपतीला काही बोलायचा प्रयत्न केला, पण नवस बोलायलासुद्धा एक वाक्य पुरं करावं लागतं, ते तिच्याने होईना.

ठक ठक ठक. "हॅलो? सिक्युरिटी."

काही नाही.

ठक ठक ठक.

"कोणी नाहीये, मॅम. कोणी उघडत नाही."

"तो उघडू शकत नाही!" प्रताप म्हणाला. "दार उघडा."

"विद्यार्थ्याची खोली अशी उघडता येत नाही मला. सुपरवायझरची परवानगी लागते, आणि तो सासुरवाडीला गेलाय. मी त्याला मेसेज टाकतो. दारावर मी ठोठावलं, उत्तर आलं नाही, ह्याचा अर्थ खोली रिकामी आहे." तो वाईट माणूस नव्हता. त्याला त्याचा नियम माहीत होता आणि त्याला घरी त्याचं जेवण दिसत होतं. त्याची पावलं वळल्याचं उल्काला ऐकू आलं. "स्मोक अलार्मची बॅटरी बदलायला झालीये वाटतं आत," तो स्वतःशीच पुटपुटला. "तेवढं लिहून ठेवतो."

"काय म्हणालात?" उल्का म्हणाली.

"आत काहीतरी वाजतंय. बारीक. अलार्मची बॅटरी संपली की वाजतं तसं."

"कसं वाजतंय? फोन दाराला लावा. दाराला लावा फोन!"

त्याने लावला. लाकडाला फोन घासल्याची खरखर झाली आणि मग आलं ते. तीन बारीक सूर. थोडं थांबून पुन्हा तीन.

आठ वर्षं हा आवाज तिने ऐकला होता. शाळेच्या गॅदरिंगमधे, रात्री तीनला, पुण्याला जाताना विमानात. नळी तुंबली की पंप असा ओरडतो, आणि त्याला कोणी शांत करेपर्यंत ओरडतच राहतो. कुत्र्याचं पिलू दाराशी बसून रडावं तसा. सिद्धांतला तो आवाज मुळीच खपत नसे, दुसऱ्या सुराला तो बंद करून टाकायचा.

"तो पंप आहे," ती म्हणाली. "माझ्या मुलाच्या पोटाला बांधलेला आहे तो. तो काढून ठेवून कुठे जात नाही तो. कधीच नाही. तुम्हाला मुलं आहेत का? तो तिथे आहे, तुमच्यापासून चार पावलांवर आहे, मी पाच हजार किलोमीटरवर आहे. तुम्ही दार उघडा. नोकरी गेली तर मी तुमच्या साहेबाच्या पाया पडेन. उघडा!"

जुडग्यातली किल्ली शोधायला त्याला फार वेळ लागला. पहिली चुकीची निघाली.

दार उघडलं आणि तो फक्त "ओह, लॉर्ड" म्हणाला.

मग पुढचं सगळं प्रतापने चालवलं. श्वास चालू आहे का? चालू आहे. कसा? जोरात, खोल, पळत आल्यासारखा. बरोबर. वास येतोय का, पिकलेल्या फळासारखा? येतोय. हाक मारली तर डोळे उघडतो? नाही. कुशीवर वळवा. तोंड साफ करा. आता तुमच्या वायरलेसवरून नऊ एक एक गाठा, तुमचं लागेल. उल्काने काहीच केलं नाही. तिला त्या माणसाच्या फोनमधून तिच्या मुलाचा श्वास ऐकू येत होता, घोड्यासारखा, आणि तिच्या दृष्टीने जगात दुसरा आवाजच उरला नव्हता. खोलीत पलंगाशी मॅगीचे रिकामे कप होते म्हणे, आणि एक चॉकलेटचा मोठा डबा, रिबन बांधलेला, न उघडलेला. हे त्याने ॲम्ब्युलन्सची वाट पाहता पाहता सांगितलं, काहीतरी बोलायला हवं म्हणून.

कुणासाठी आणला होता तो डबा, ते फक्त उल्काला कळलं. तो जायच्या तयारीत होता. अगदी शेवटपर्यंत.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून स्वरांगीने येऊन तिला मिठी मारली.

साडेतीन, चार, साडेचार. ॲम्ब्युलन्स त्याला घेऊन तालुक्याच्या हॉस्पिटलात पोचली. प्रतापने तिथल्या डॉक्टरशी बोलून घेतलं आणि एनिसहून गाडीत बसता बसता उल्काला सांगितलं. तो लपवत नाही, हा त्याचा एकच गुण तिला आज नको होता. जिवंत आहे. अतिदक्षता विभागात आहे. इन्सुलिन सुरू केलंय. पण फार उशीर झालाय; मेंदूला सूज येऊ शकते, हृदयाचा ठोका चुकू शकतो. पुढचे बारा तास. उद्या सकाळी डब्लिनहून जी मिळाली ती दोन तिकिटं काढली आहेत. तिथे पोचायला उद्याची संध्याकाळ.

"तोपर्यंत?" उल्काने विचारलं.

"तोपर्यंत नर्सेस आहेत."

"नर्सेसना त्याचं नावसुद्धा नीट घेता येणार नाही, प्रताप."



पाचला अनोळखी नंबरवरून फोन आला. बाहेर अंधार पडला होता, स्वयंपाकघरातला दिवा लावायचं कोणाला सुचलं नव्हतं. डोना बोलत होती.

"मी त्याच्या खोलीत आहे," ती म्हणाली. "टायलरची आई आहे म्हटल्यावर आत सोडलं. त्याचा हात गार होता, मी माझ्या हातात धरलाय. मघाशी एकदा डोळे उघडले त्याने. मला ओळखत नाही ना तो, परत मिटले." ती पुढे म्हणाली, "मी ताट मांडलं होतं त्याच्यासाठी, तुम्हाला सांगू का? टायलर म्हणाला तो येत नाही, तेव्हा उचललं. मी म्हटलं, मुलाला एकटं राहायचं असेल, आपण कशाला मागे लागा."

उल्काने फोन कानाशी घट्ट धरला.

"घरी चौदा माणसं वाट पाहतायत," डोना म्हणाली, "पण ते जेवतील आपलं आपलं. मी इथे थांबू का त्याच्याजवळ? तुम्ही येईपर्यंत?"

"नको नको," उल्का म्हणाली. "तुमचा सण आहे, घरी पाहुणे आहेत, तुम्ही आधीच केवढं केलंत. तुम्ही जा. वुई आर ग्रँड."

हे तिने म्हटलं. विचार न करता, एका दमात, आईने शिकवलेलं, आजीने शिकवलेलं, तिने मुलाला शिकवलेलं.

"बरं," डोना हळुवारपणे म्हणाली. "तुम्हाला योग्य वाटेल तसं." आणि पलीकडे पर्सची चेन ओढल्याचा आवाज आला.

अंधारात स्वरांगी आईकडे डोळे फाडून बघत होती. "आई!"

"थांबा!" उल्का किंचाळली. "डोना, जाऊ नका. मी खोटं बोलले. हो. हो म्हणतेय मी. थांबा त्याच्याजवळ, हात सोडू नका त्याचा, प्लीज. आणि त्याने डोळे उघडले आणि तुम्ही जा म्हणाला ना, ठीक आहे म्हणाला ना, तर ऐकू नका. त्याला परत विचारा. तीनदा विचारा."

पलीकडे फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बसले मी," डोना म्हणाली. "आता मला त्याचं नाव नीट म्हणायला शिकवा. सिड नाही. पूर्ण."

"सिद्धांत," उल्का म्हणाली, आणि डोनाने त्याच्या कानाशी ते म्हणून पाहिलं. पहिल्यांदा चुकलं. उल्काने परत सांगितलं.